बरं वाटण्याचा घोळ

पोट दुखायचं, सारखं शौचाला पळावं लागायचं, वजन उतरत चाललं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं, आतला छोटा तुकडा काढून तोही तपासला आणि सांगितलं, आतड्याला जुनाट सूज आहे. बायकोनं आपल्या परीनं निदान पक्कं केलं. "तिखटानंच झालं हे. वावरात ठेचा खाता तुमी चोरून." खात होतो, हे खरं. त्या दिवसापासून घरात मिरची बंद. माझ्यापायी सगळं घर फिकं वरण गिळू लागलं आणि माझ्याकडे रागानं बघू लागलं.

डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्यांनी मात्र कमाल केली. थोड्याच दिवसांत पोट शांत, भूक कडकडीत, चेहरा गोल गरगरीत. संग्रामपूरच्या बाजारात ओळखीचे लोक थांबवून म्हणायचे, "काय बे, मस्त तब्येत झाली तुई!" चेहरा गोळ्यांनी सुजला होता, पण ऐकायला गोड वाटायचं. बायको म्हणायची, फिक्या वरणाचा गुण आला.

गोळ्या कमी केल्या की दुखणं परत. वाढवल्या की पुन्हा बरा. वर्षभर हेच. मग एकदा आतडंच अडलं. ऑपरेशन झालं, कापलेला भाग तपासणीला गेला आणि कळलं, तो आतड्यातला लिम्फोमा होता. म्हणजे कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, पहिल्या छोट्या तुकड्यात तो सापडला नाही, आणि त्या गोळीनं हाही आजार काही काळ दबतो, म्हणून पुढेही ओळखू आला नाही.

मी हबकलो, आणि त्याहून जास्त गोंधळलो. म्हणजे वर्षभर मी अधूनमधून बरा झालो, तो झालोच नव्हतो? पोटभर जेवलो, वावरात फिरलो, हसलो, ते मग काय होतं? राग तरी कोणावर काढायचा? मिरची तर निर्दोष सुटली. त्यात किमोसोबत पुन्हा तीच गोळी लिहून दिली. मी विचारलं, "हिनंच तर फसवलं ना, साहेब?" ते म्हणाले, "या वेळी ती एकटी नाही." पटलं, पण मनात बसलं नाही.

आता अर्ध्या किमो झाल्यात. पोट दुखत नाही, जेवण जातं. परवा बायकोनं विचारलं, "बरं वाटून राह्यलं काय?"

"हाव," मी म्हणालो.

ती खूश होता होता थांबली. "मागच्यावानी बरं, का खरंच बरं?"

मला भीती वाटली. पोट माझंच, पण त्याच्यावर आता माझा भरवसा नव्हता.

"मले काय मालूम," मी म्हणालो.