त्या नावाचं इथं कुणी नाही

ही गोष्ट मी आजवर ना माहेरी बोलले, ना देवापुढे. देवापुढे तर नाहीच — त्याला माहीत असेल तर असो, माझ्या तोंडून कळायला नको. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कधी माझ्या घरी चहाला येणार नाही. आणि आधीच सांगून ठेवते: सासू-सुनेचं नेहमीचं गाऱ्हाणं म्हणून ऐकणार असाल तर इथंच थांबा. मला ती बाई आवडत नव्हती. आजही आवडत नाही. मेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं, हे मला कधी जमलं नाही.

सासूला घरात सगळे अक्का म्हणत. तिचे धाकटे भाऊ म्हणायचे, त्यांचं ऐकून तिची मुलं म्हणायला लागली, मग मीही. कागदोपत्री राधाबाई. माहेर शिमोग्याचं, लग्न होऊन बेंगळुरात मल्लेश्वरमच्या या घरात आली ती इथलीच झाली. दोन्हीकडची घराणी पिढ्यान् पिढ्या कर्नाटकातली. मराठीत निम्मं कन्नड, आणि त्याचाही ताठा. मी नागपूरची. माझ्या बोलण्याला ती हसायची — तिनं हसावं?

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव काढलं. ह्यांचं रमाकांत, म्हणून माझं इंदिरा. असं घरोघरी व्हायचं, मला ठाऊक आहे. पण घरोघरी जुनं नाव कुठंतरी उरतं — आईच्या पत्रात, मैत्रिणीच्या तोंडी. अक्कानं ते उरू दिलं नाही. नलिनी हा शब्द या घरात काढायचा नाही, असा तिचा कायदा. मोडला कुणी? मीही नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी जवळच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. गुपचूप. बी.एस्सी.चं सर्टिफिकेट नलिनीच्या नावाचं, तेव्हा मुलाखतीचं पत्रही नलिनीच्याच नावानं आलं. फाटकाशी पोस्टमन, फाटकाच्या आत अक्का, आणि तिच्या मागे चार पावलांवर मी — हात पिठात. तिनं पाकीट उलटसुलट केलं, परत त्याच्या हातात दिलं, आणि रस्त्याकडे बोट करून त्याला वाटेला लावत कन्नडमध्ये म्हणाली, “आ हेसरिनवरु इल्लि यारू इल्ल.” त्या नावाचं इथं कुणी नाही. मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, “नलिनी माहेरी राह्यली गं. इथं इंदिरा असती. सरी? कळलं?”

मी काय केलं? पीठ मळायला गेले. कन्नडमधलं मला सबंध पाठ झालेलं पहिलं वाक्य ते. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे हसले.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. पंधरा वर्षं मी ते पत्र विसरले नाही. त्या शाळेची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची.

मग तिचं डोकं जायला लागलं. पंच्याण्णव साल असेल. आधी चष्मा, मग पैपाहुण्यांची नावं, मग मुलगे. ह्यांना ती ‘यजमान’ म्हणायला लागली आणि लाजायला लागली. हे बिचारे बाहेर जाऊन रडायचे. धुणं, पुसणं, भरवणं माझ्याकडे. अक्का म्हणून हाक मारली तर ढिम्म. राधाबाई म्हटलं तर ढिम्म. आंघोळीला न्यायचं तर ओढत न्यावं लागायचं, आणि तिचे हात अजून धट्टेकट्टे होते.

एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. चिडून विचारलं, मग आहेस तरी कोण तू? — हो, त्या दिवसांत मी तिला एकेरीत बोलायचे, घरात कुणी नसलं की. ती म्हणाली, “मी तुंगा. अण्णांची तुंगा.” नदीचं नाव, तिच्या माहेरच्या. या घरात आल्यावर तिचंही नाव ताटातल्या तांदळांत पुसलं गेलं असणार. ते ना तिच्या मुलांना ठाऊक होतं, ना मला. तिनंच कधी उच्चारलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं काम सोपं झालं. तुंगा, जेवायला चल — आली. तुंगा, पाय पुढे कर — केला. हे घरी आले की मी पुन्हा अक्का म्हणायची. ह्यांना का नाही सांगितलं? सांगायचं राहून गेलं, असं मी पुष्कळ वर्षं मनाला सांगत होते. ते खोटं आहे. तिच्यावर माझी एवढी एकच सत्ता होती आणि ती मला वाटून घ्यायची नव्हती.

ती घरातून निघून गेली ती भरदुपारी. मी गच्चीवर वाळवण काढत होते. दाराची कडी तिनं स्वतः काढली. दार उघडं टाकल्याचा दोष माझा नाही. तो घ्यायला मी इथं बसलेली नाही.

पोलीस ठाण्यात त्यांनी विचारलं, आणखी काही नाव? लाडाचं, घरातलं? हे म्हणाले, घरात अक्का. बेंगळुरात अक्का म्हणून हाक मारली तर निम्मा रस्ता मागे वळतो. तुंगा हे नाव माझ्या जिभेवर होतं. मी टेबलावरचा शिक्का बघत बसले. पेपरात जाहिरात दिली ती राधाबाई नावानं, घरचा फोन नंबर घालून, आणि फोटो धाकट्या दिराच्या लग्नातला — गोल चेहरा, मोठं कुंकू. त्या बाईचं हाडांचा सापळा झालेलं तोंड त्या फोटोतून कोण ओळखणार?

चौथ्या दिवशी सकाळी हे शोधायला बाहेर पडले आणि फोन वाजला. यशवंतपूरहून एक बाई बोलत होती, निराधार बायकांच्या वसतिगृहाची वॉर्डन. स्टेशनवर एक म्हातारी सापडलीय, शिमोग्याची गाडी विचारत होती. पेपरातला फोटो थोडा जुळतो, पण नक्की सांगता येत नाही. नाव मात्र वेगळं सांगते. तुंगा. तुमच्याकडे तुंगा नावाचं कुणी?

घाई नव्हती, गोंधळ नव्हता. वॉर्डनच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं, तेही मला ऐकू येत होतं. विचार करायला मला हवा तेवढा वेळ होता. मी म्हणाले, “आ हेसरिनवरु इल्लि यारू इल्ल.” अगदी तिच्याच सुरात. आणि फोन ठेवला.

आता खरं सांगते — मला बरं वाटलं. छातीवरून काहीतरी उतरावं तसं. मी स्वतःसाठी कॉफी करून घेतली आणि बसून प्यायले. या घरात बसून कॉफी पिणं हेसुद्धा पहिल्यांदाच.

एक दिवस तिची जिरू दे, उद्या सांगू — असं होतं मनात? असेल. पण उद्या काय सांगणार होते? काल फोन आला होता आणि मी नाही म्हटलं, हे? दुसऱ्या दिवशी ते अवघड झालं, तिसऱ्या दिवशी अशक्य. तोवर हे सरकारी दवाखान्याच्या शवागारात जायला लागले होते. रोज. बेवारस म्हाताऱ्या बायकांच्या तोंडावरची चादर काढून बघायची, नाही म्हणायचं, घरी यायचं. आल्यावर आंघोळ करायचे. मी पाणी तापवून ठेवायची. ती जिवंत आहे, ऑटोनं दहा मिनिटांवर आहे, हे माहीत असताना मी आठ दिवस पाणी तापवलं. बंब पेटवता पेटवता एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. ह्यांचा पत्र परत गेल्यावरचा हसरा चेहरा मला तेव्हाही आठवत होता. लपवून काय करू?

बाराव्या दिवशी हे फोटो घेऊन वसतिगृहं पालथी घालायला निघाले, मलाही बरोबर नेलं. चौथ्या ठिकाणी ती सापडली. उवा झाल्या म्हणून केस कापलेले, अंगात कुणाचा तरी गाऊन. हे तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. वॉर्डन चिडली होती. म्हणाली, तुंगा नावाचं कुणी आहे का म्हणून मी तुमच्या घरी फोन केला होता, एका बाईनं सांगितलं असं कुणी नाही. मी पदर तोंडाशी घट्ट धरून रडायला लागले — आवाज ओळखू येऊ नये म्हणून. वॉर्डननंच माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे म्हणाले, नंबर चुकला असेल. तेव्हा आमच्या भागातले नंबर बदलत होते, सगळ्यांना पटलं. अक्का मात्र स्वतःला तुंगा का म्हणवत होती, हे ह्यांनी विचारलं नाही. डोकं गेलंय, एवढ्यावर सुटलं.

घरी आल्यावर ती बोलेनाशी झाली. जेवेना. तिसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेल्यावर मी तिच्यासमोर दहीभाताचं ताट घेऊन बसले आणि हळू म्हटलं, तुंगा, घास घे. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. पुन्हा म्हटलं, तुंगा. मग तिनं दाराकडे बोट केलं, फाटकाशी केलं होतं तसंच, आणि स्वच्छ जुन्या आवाजात म्हणाली, “आ हेसरिनवरु इल्लि यारू इल्ल.”

पोस्टमनच्या वेळचं तिला आठवलं, की वॉर्डननं त्या दिवशी फोन ठेवून माझं बोलणं तिला तसंच्या तसं सांगितलं होतं? मला माहीत नाही. यशवंतपूरला जाऊन विचारायला मी कधी गेले नाही.

त्यानंतर ती पाच महिने जगली. कुठल्याच नावाला तिनं ओ दिली नाही.

हे आता बाहेर पेपर वाचत बसलेत. दरवर्षी श्राद्धाला भटजी नाव विचारतात आणि हे राधाबाई सांगतात. मी पानं वाढत असते.