विंचू सोडून बाकीचा हात

तळेगावच्या एका कातडीच्या दवाखान्यात मी गेले होते माझ्या गालांवरच्या मुरमांच्या जुन्या खड्ड्यांसाठी. प्रश्न लिहून नेले होते: दुखतं का, सूज किती, रजा लागेल का. सासूबाई सकाळीच मळवलीहून आल्या होत्या, त्याही बरोबर निघाल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवून त्यातला पिवळा भाग वेगळा करायचा आणि बारीक सुयांनी गालात सोडायचा. कातडी स्वतःच दुरुस्तीला लागते."

"काढायचं आन् परत तिलाच घालायचं?" सासूबाईंनी विचारलं. "मग काढायचं कशाला?"

बाई हसल्या, आणि त्यांचं लक्ष सासूबाईंच्या मनगटाकडे गेलं. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजताना तो हात पोळला होता, माझ्या लग्नाच्याही आधी. वण आवळून इतका कडक झाला होता की मनगट मागे वळत नसे. भाकरी थापणं तेव्हाच सुटलं होतं.

"आजी, हा वणही असाच मऊ करता येईल. पूर्ण जाणार नाही, पण हात वळेल."

"आन् ह्यो?" सासूबाईंनी वणाच्या काठावरचा गोंदलेला हिरवा विंचू दाखवला. नांगी भाजण्यात गेली होती, बाकीचा शाबूत होता.

"सुया लागल्या तर पुसट होऊ शकतो. खात्री देता येत नाही."

सासूबाईंनी पदराखाली हात घेतला. विषय संपला.

रिक्षात मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "थोरल्या बहिणीनं आन् मी जत्रंत एकसारखा गोंदून घेतला हुता. ती गेली. मेल्यावर सोनंनाणं हितंच ऱ्हातं, गोंदण तेवढं संगं येतं. तिनं मला वळखायचं कशावरनं?"

"चेहऱ्यावरून."

"ती गेली तवा मी नवी नवरी हुते गं. ह्या तोंडावरनं वळखंल व्हय?"

"मग तुमच्याही गालात सुया टोचून घेऊ. नवी नवरी दिसाल."

"आन् गावात काय तोंड दावू?"

घरी पोचताच मी दवाखान्यात फोन लावला: विंचू सोडून बाकीचं होईल का? होईल, बाई म्हणाल्या, पण तेवढी पट्टी कडक राहील आणि हात थोडा कमी वळेल. सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "चालंल."

मग सासूबाई माझ्याकडेच राहिल्या आणि आम्ही दोघी एकाच दिवशी जाऊ लागलो. बाईंनी पेनानं विंचवाभोवती कुंपण आखलं. सासूबाईंनी यंत्रातून निघालेली आपल्या रक्ताची नळी उजेडात धरायला लावली. वर पिवळं, खाली लाल. "डाळीवरचं पाणी निवळावं तसं दिसतंय," म्हणाल्या. टोचताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. मी केलं.

हाताच्या व्यायामाचा कागद मी फ्रिजवर चिकटवला आणि त्यांच्याकडून रोज व्यायाम करून घेतला. तिसऱ्या खेपेनंतर एका सकाळी उठले तर ओट्याशी थापण्याचा आवाज. भाकरी एका बाजूला जाड झाली होती.

"इंचू आडवा येतो," त्या म्हणाल्या. "जाड बाजू तू खा."

मी खायला बसले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं.

"खड्डे हाईत की आजून."

"कमी झालेत, आई."

"ऱ्हाऊ दे थोडं. तुला वळखाया."