दुसरी ओळ

सभा असो, लग्न असो, लाउडस्पीकरला कानसेनच हवा. हे नाव लोकांनीच ठेवलेलं, कारण बोलणाऱ्याचा घसा कधी दगा देणार हे त्याला आधीच कळायचं आणि तो वेळीच आवाज उतरवायचा. "किती जणांची लाज राखली मी!" असं तो बायकोला ऐटीत सांगायचा.

उर्दू शायरांच्या मैफलीचं, म्हणजे मुशायऱ्याचं, काम त्याला पहिल्यांदाच मिळालं. एक वयस्क शायर शेराची पहिली ओळ म्हणाले. मग पुन्हा तीच. तिसऱ्यांदाही तीच, आणि आता समोरचे लोकही ती म्हणू लागले. म्हातारबुवा पुढचं विसरले की! कानसेनने हळूच आवाज पार उतरवला.

शायरांचे ओठ हलले. अगदी पुढे बसलेले दोघे-तिघेच "वाह!" म्हणाले.

"अहो माइकवाले, झोपलात की काय?" मागून कुणी ओरडलं.

शेजारी बसलेला एक श्रोता वैतागला. "पहिली ओळ मुद्दाम घोळवतात हो! लोकांनी ती उचलायची, मग दुसरी यायची. शेराचा सगळा जीव तिच्यात. तीच गिळलीत तुम्ही!"

मैफल संपल्यावर कानसेन हात जोडून शायरांपुढे उभा राहिला. "माफ करा, बाबा. मला वाटलं, तुम्ही विसरलात, म्हणून आवाज उतरवला."

"छे हो, कसूर माझीच. आता आवाजच उरला नाही."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज खणखणीत होता, हे कानसेनइतकं कुणाला ठाऊक? मान खाली घालून तो वायर गुंडाळत राहिला. दुसरी ओळ कोणती होती, हे विचारायचं धाडस काही त्याला झालं नाही.