दीड फुटाची नळी

बाळाराम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कंपनीत बॉयलरवर होतो. गेटवरचा वॉचमन स्वतः आत आला आणि म्हणाला, "मुरबाडवरून फोन होता, तुमचे ते मंडपवाले दोस्त गेले." सकाळी मंडपाचं सामान टेम्पोत चढवताना छातीत कळ आली आणि कल्याणला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पाळी संपेपर्यंत मी प्रेशरच्या काट्याकडे बघत राहिलो, पण काटा कुठे होता ते विचाराल तर सांगता येणार नाही. त्याच आठवड्यात मी त्याच्यावर एक लेख लिहून काढला. प्रेमाने अगदी ओथंबलेला. तो छापायला दिला नाही हे बरंच झालं म्हणायचं, कारण त्यानंतर मी एका दुपारी त्याच्या घरी गेलो आणि तिथून परत आल्यावर तो लेख मला वाचवेना. आज लिहितो आहे तो दुसरा.

आमची ओळख आयटीआयमधली. फिटरच्या ट्रेडला आम्ही एकाच बाकावर काम करायचो. तो मुरबाडकडचा, शेतकरी घरातला, वडिलांचा मंडपाचा धंदा. मी शहापूरजवळच्या सापगावचा, आजोबांच्या पिढीत दीक्षा घेतलेल्या बौद्ध घरातला. त्याच्या घरी मी पंगतीला बसलोय, माझ्या आईच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी त्याने बोटं चाटून खाल्ली आहे. आमच्यात जात कधी आली नाही, असं मी वीस वर्षं सगळ्यांना छाती पुढे काढून सांगत आलो. आयटीआय झाल्यावर मी कंपनीत बॉयलरवर लागलो, तो मंडपात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कल्याणच्या एका लग्नात त्याने एक्स्प्रेसो मशीन पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने थेट सापगावला आला. "गौत्या, लोकं जेवान सोडून कॉफीच्या लायनीत उभी व्हती रे. निसती वाफ. आनि वाफ तं तुझी हाय."

वाफ माझी होती हे खरं. आम्ही कल्याणच्या भंगारातून एक जुनं मशीन आणलं. खाली गॅसची शेगडी, वर स्टीलचा बॉयलर, एका बाजूला वाफ सोडायची नळी. जॉइंट सगळे गळके. मी ते नव्याने बसवले, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला. खरी मेहनत घेतली ती नळीच्या तोंडावर. मूळच्या तोंडाला एकच मोठं भोक होतं, त्याने दुधावर साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे यायचे आणि कप हातात पडेपर्यंत फुटायचे. मी पितळेचं नवं तोंड केलं, त्याला चार बारीक भोकं पाडली, तीही जरा तिरकी, म्हणजे दूध स्टीलच्या जगमध्ये गरगर फिरेल. मग फेस असा दाट आला की बाळारामने मला उचलूनच घेतलं. कॉफीपूड आणि साखर फेटायचं काम त्याचं, वरून चॉकलेटची पूड भुरभुरवायचं कामही त्याचं. जग तळहातावर धरून तो नुसत्या आवाजावर सांगायचा, दूध झालं की नाही. "आवाज बसला का फेस बसला," म्हणायचा. दोन तालुक्यांत असं मशीन दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. लग्नात लोक नवरदेवाआधी आमच्याकडे यायचे.

पहिल्या सीझनला आम्ही दोघंही टेबलाच्या पुढच्या बाजूला उभे असायचो. तो दूध फुलवायचा, मी कप द्यायचो. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात असंच एक लग्न होतं. आधी झुंबड उडाली, मग का कोण जाणे गर्दी पातळ झाली. बाळाराम म्हणाला, "सिलिंडर संपत आला बग, टेम्पोतून दुसरा आन." मी गेलो. आलो तेव्हा तो एकटा कप देत होता आणि रांग पुन्हा लागली होती. परतताना गाडीत तो पुन्हापुन्हा मशीनकडे वळून बघत होता. मी विचारलं तर म्हणाला, "एका पावन्याचा हात भाजला वाफेनं. मशीनला आड पायजे." भाजलेला पाहुणा मी काही पाहिला नव्हता... पण सिलिंडर आणायला गेलो तेव्हाच झालं असेल, असं धरून चाललो.

पुढच्या लग्नाला मशीनपुढे छातीएवढा पत्रा आला. पोपटी रंगाचा, त्यावर मोगऱ्याची फुलं रंगवलेली. बॉयलर, व्हॉल्व्ह आणि मी पत्र्याच्या मागे, खाली स्टुलावर. दूध, कप आणि बाळाराम पुढे. पत्र्याला भोक पाडून त्यातून नळी पुढे काढायची, म्हणजे ती दीड फुटाने लांब झाली. बॉयलरवर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं की नळी लांब झाली की वाफ वाटेत थंड होते आणि तिचं पाणी होतं. तसंच झालं. नळी आधी थुंकायची, मग वाफ द्यायची. दूध पातळ, फेस रोडका. बाळाराम म्हणाला, "आता तूच काडशील ह्यातून मार्ग." आणि मी काढला. नळीला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, तिला पुढे उतार दिला, तोंडाशी पाणी सोडायला बारीक चावी बसवली. किती रविवार घालवले त्याचा हिशेब नाही. फेस पहिल्यासारखा झाला नाही, पण लोकांना चालण्यासारखा झाला. मला तेव्हा वाटायचं, केवढा मोठा प्रश्न आपण सोडवला. नळी लांब कशाला हवी, व्हॉल्व्ह पुढेच ठेवून नुसता वाफेपुरता आड का नको, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण सांगणारा बाळाराम होता.

मग आमची एक पद्धतच पडली. त्याने चमच्याने पत्र्यावर एकदा टकटक केलं की मी वाफ सोडायची, दोनदा केलं की बंद. लग्नात तो मला नावाने हाक मारायचा नाही, "मिस्त्री" म्हणायचा. मला तो मान वाटायचा. आणि पहिल्या जगमधला पहिला कप तो पत्र्याखालून माझ्याकडे सरकवायचा. मी अर्धा प्यायचो, परत सरकवायचो, उरलेला अर्धा तो प्यायचा. माझा उष्टा कप, भर मांडवात, सगळ्यांसमोर. ही आमची सवय शेवटच्या सीझनपर्यंत मोडली नाही. मधे कल्याणच्या एका हॉलमध्ये दुसऱ्याच कोणाच्या मशीनपुढे तसाच पत्रा दिसला, तेव्हा मी बायकोला कोपराने ढोसून म्हटलं, "बघ, ही आयडिया आपली." तिने विचारलं, "त्याचा उपयोग काय?" मी तिला वाफेचा चटका आणि सुरक्षितता यावर भाषण दिलं.

आमच्या वस्तीत लग्न असलं की पत्रा नेमका राहून जायचा. "गाडीत जागा नव्हती रे," बाळाराम म्हणायचा. माझ्या पुतणीच्या लग्नात विहारापुढच्या मांडवात मी सगळ्यांदेखत कप भरले, आणि आई लांबून बघत बसली होती. आमच्याकडे कोणाचा हात भाजण्याची त्याला कधी काळजी वाटली नाही, हे माझ्या ध्यानात यायला तो मरावा लागला.

ती दुपार आता सांगतो. दिवसकार्य उरकल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, मग मागच्या शेडमध्ये नेलं. "भावजी, मशीन तुमीच न्या. आमच्यात कोनाला येतंय?" मी मशीन पुसून बाजूला काढलं आणि पत्राही उचलला. वहिनी म्हणाल्या, "पत्रा कशाला? तुमच्या काय कामाचा तो?"

"वाफेला आड लागतो ना वहिनी. कोणाचा हात भाजला तर?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमाला ठाव नाय?" मग खाली बसल्या. "मला वाटला तुमी दोघांनी मिलून ठरवला." आणि मग त्यांनी सांगितलं. सिद्धगडाकडच्या त्या लग्नात एका म्हाताऱ्याने माझ्या हातून घेतलेला भरला कप माझी पाठ वळताच टेबलावर परत ठेवला होता. देणारा कोण आहे ते आम्हाला ठाऊक आहे, असं बाळारामच्या कानाशी म्हणाला. मग बाकीचेही हटले. बाळाराम त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पत्रा कापायला बसला. पुढे कोणी विचारलंच तर सांगायचा, मिस्त्री मुंबईचा आहे.

"मग मला का नाही सांगितलं त्याने?"

"बोलायचे, सांगितला तं गौतम मशीनला हात लावनार नाय." वहिनी पदराने मशीनवरची धूळ पुसत होत्या. "ह्या सीझनला सांगतो, बोलायचे. दर सीझनला बोलायचे..."

खरं होतं ते. मी हात लावला नसता. मी उठून गेलो असतो, किंवा त्या म्हाताऱ्यापुढे उभा राहून विचारलं असतं. काय केलं असतं ते मला माहीत नाही, पण ते मी ठरवलं असतं. त्या म्हाताऱ्याचा मला राग नाही असं नाही, पण तसली माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. बाळारामकडून होती. त्याने त्यांचं ऐकलं आणि मला चटक्याची गोष्ट सांगितली. मला लपवलं, आणि लपवायची नळी नीट चालावी म्हणून माझीच अक्कल वापरली. मी माझ्याच हातांनी माझा आडोसा पक्का करत बसलो आणि वर कल्याणपर्यंत त्याची फुशारकी मारली. लोक मला सांगतात, त्याचा नाइलाज होता, धंदा होता, मनाने तो चांगला होता. असेल. माझा उष्टा कप प्यायचा हेही खरं, पण पत्र्याआडून येऊन गेलेला कप उष्टा आहे हे आमच्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक होतं? तो जिवंत असता तर मी त्याच्याशी कडकडून भांडलो असतो. तेवढीही सोय त्याने ठेवली नाही. वीस वर्षांची दोस्ती अशी हातात घेऊन बसलो आहे आणि तिचं काय करायचं ते कळत नाही.

मशीन मी घरी आणलं. पत्रा वहिनींकडेच ठेवला. गेल्या रविवारी अंगणात बसून नळीची दोरी सोडली, हॅकसॉने नळी दीड फूट कापली, व्हॉल्व्ह पुढे आणला आणि चार भोकांचं तेच तोंड परत बसवलं. शेगडी पेटवली. काटा चढल्यावर जग हातात धरून वाफ सोडली, तेव्हा नळी एकदाही थुंकली नाही. आवाज बसला. फेस असा आला की चमचा त्यावर ठेवला तर टेकून राहिला. पहिल्या सीझननंतर असा फेस आम्ही लोकांना कधी दिला नव्हता, आणि बाळारामलाही तो पुन्हा मिळाला नव्हता.

पहिला कप भरला आणि सवयीने अर्ध्यावर थांबलो. हातही सवयीने पुढे गेला, खालून कप सरकवायला. तसाच धरून ठेवला थोडा वेळ... बायको ओट्यावरून बघत होती. मग उरलेला अर्धाही मीच प्यायलो.