वर्नाचा दुसरा कप

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं आमचं कोल्टर गाव एवढंसं, की इथे कोबी शिजल्याचा वास लपत नाही, तर बाईचं एकटीनं फिरायला जाणं कुठून लपणार? वर्ना ह्राबोव्स्की दर ऑक्टोबरात सायकल काढून बोगद्यापर्यंत जायची आणि टोपलीत थर्मासबरोबर कप असायचे दोन. दुसरा कोणासाठी, यावर आम्ही कॅफेत बसून तासन् तास घालवले. माझा संशय निवृत्त पोस्टमनवर. त्याच्या पोटऱ्या अजून शाबूत होत्या.

तिचा नवरा एमिल हा रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगचा मुकादम. कोळसा संपला, गाडी बंद झाली, रूळ उपटून नेले आणि त्या वाटेवर खडीचा चुरा पसरून सायकलींचा रस्ता केला. गँगच्या लोकांनी युनियनच्या हॉलमध्ये हात वर करून शपथ घेतली, या रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. नातवंडं सायकल शिकायला लागली तशी बाकीच्यांनी शपथ गुपचूप मोडली. एमिलनं पाळली. वर्ना दरवर्षी ‘चल’ म्हणायची आणि तो नकारार्थी मान हलवायचा.

या वसंतात वर्ना गेली. ऑक्टोबरात एमिल तिची निळी सायकल घेऊन माझ्या दारात उभा.

"तुझी सायकल काढ. बोगद्याशी जायचंय."

"तू? त्या रस्त्यानं?"

"तिथे कोण येत होता ते मला कळलं पाहिजे. कॅफेत तुम्ही काय बरळता ते ऐकू येतं मला."

"अरे, आमचा आपला टाइमपास..."

"जीभ चालते तेवढे पाय चालव."

आभाळ भरून आलेलं. मेपलची ओली पानं चाकांना चिकटत होती. आगगाडीची वाट ती, चढ जाणवतच नव्हता. प्रत्येक वळणावर एमिल उतरायचा, बुटानं खडी उकरायचा. "बाहेरची बाजू उचललेली बघ. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून. आम्ही उचललीय." मग पुन्हा सायकलवर.

"सीट तरी वर घ्यायचीस," मी म्हटलं. "बेडकासारखा दिसतोयस."

"तिच्या मापाची आहे. राहू दे."

बोगद्याच्या तोंडाशी डोरीन सफरचंदाचं गरम सायडर विकते. तिचा नवराही रेल्वेतच होता. एमिलनं रामराम न करताच विचारलं, "वर्नाबरोबर कोण असायचं?"

डोरीननं आधी माझ्याकडे पाहिलं. माझी कीर्ती तिला ठाऊक. "कोणी नाही."

"कप दोन होते."

"होते ना. दुसरा भरून त्या दगडावर ठेवायची. मी विचारलं तर हसायची. म्हणायची, आमचा मुकादम यायचाय, ड्युटी लांबलीय त्याची. गार झाला की ओतून द्यायची आणि निघायची."

"बघ!" मी एमिलच्या पाठीवर थाप मारली. "उगाच बिचाऱ्या पोस्टमनला..."

"कोणी असता तर बरं झालं असतं," एमिल म्हणाला.

डोरीननं न विचारता दोन कप भरले. एकाला त्यानं हात लावला नाही. दुसरा उचलून दगडावर ठेवला आणि शेजारी बसला. वाफ थांबली तरी बसून राहिला. येताना तो सायकलवर चढलाच नाही. ती हातात धरून, पूर्वी रुळांखाली असलेल्या स्लीपरच्या अंतरानं पावलं टाकत चालला. मीही उतरून मागं मागं.

दुसऱ्या दिवशी कॅफेत शिरतो न शिरतो तोच पोस्टमननं खुर्ची पुढं ओढली. "सांग, सांग! कोण होता?"

मी कॉफी मागवली आणि त्याला गुडघेदुखीचं विचारलं.