गावंडे सर आणि वैष्णवीचं गणित

गावंडे सर आज सकाळी गेले.

आणि बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर वैष्णवीचा गणिताचा पेपर नऊ दिवसांवर आहे.

लाज वाटली. पण आलं ते आलं. देवाला माहीतच आहे, मग तुमच्यापासून काय लपवू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सर गणित शिकवून रिटायर झालेले, केनवडला आमच्या घरामागेच राहायचे. माझ्या सासऱ्यांचे दोस्त, म्हणून मला सूनबाई म्हणायचे.

वैष्णवी माझी मुलगी. यंदा दहावीत बाकीचे सगळे विषय निघाले. गणितात सव्वीस.

तिला नर्स व्हायचं आहे. त्यासाठी सायन्स पाहिजे, आणि सायन्ससाठी गणित.

परीक्षेआधी मी अकरा मंगळवार केले होते. पोहरादेवीला जाऊन हॉल तिकीट देवीच्या पायाशी ठेवून आणलं होतं. तरी सव्वीस.

रिझल्टच्या दिवशी माझे मोठे दीर, म्हणजे वैष्णवीचे मोठे बाबा, म्हणाले, "नसन येत गणित तं कायले पोरीचा जीव खाता? शाळा बंद करा, शिवणक्लासले टाका. घरबसल्या काम होईन."

खरं सांगायचं तर माझं अर्धं मन तयारही झालं होतं.

पण पोरगी दोन दिवस जेवली नाही. मग पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आणि तिला घेऊन सरांकडे गेले.

"सर, देवाची कृपा राहिली तं निघन ना?"

"देवाचं तुमी पाहा सूनबाई. मले तिची वही पाहू द्या."

वही उघडली. पान कोरं. दुसरं पान कोरं.

"हे काय? वर्षभर काय केलं पोरीनं?"

ती करामत माझी होती.

वह्या महाग झाल्या. मी तिला सगळी गणितं पेन्सिलीनं करायला लावायची. उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळलं नाही की खोडरबरनं पुसायची आणि म्हणायची, पुन्हा कर. पान भरलं की तेही पुसायचं. एक वही तीनदा चालायची.

हे मी सरांना कौतुकानंच सांगितलं.

सर उठले. वही घेऊन अंगणात गेले, पान उन्हात तिरपं धरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पुसलेल्या पेन्सिलीचे वळ वाचू लागले.

एक पान. दुसरं. दहावं.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, आणलेला चहा निवून गेला.

"वैष्णवी, इकडं ये माय. कंसाच्या आधी वजा असला, तं कंस सोडतानी आतल्या चिन्हांचं काय होते?"

"बदलतात."

"साऱ्यांचं?"

तिनं वहीकडे पाहिलं.

"तू पहिलं बदलवतं अन् पाठचं तसंच ठेवतं. हरेक पानावर थेच. बाकी तं तुले येते."

मग माझ्याकडे वळले.

"सूनबाई, तिची चूक तुमी वर्षभर पुसून राह्यल्या होत्या. कोणाले दिसन मंग?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून पेन. रोज सकाळी सात वाजता त्यांच्या ओसरीवर. फी विचारली तर रागावले. एकदा मेथीची भाजी नेली, तर म्हणाले, "लाच हाय काय? लाच असन तं घेतो."

काल रविवारी त्यांनी तिचा पूर्ण पेपर घेतला.

"बीजगणित सुधारलं. भूमिती कच्ची हाय. उद्यापासून फक्त भूमिती."

"पण निघन ना सर?"

"खोटं कायले बोलू? सांगता येत नाही."

आज वैष्णवी कंपास घेऊन गेली आणि पाच मिनिटांत परत आली. दारातच उभी राहिली.

"आई, सरांकडं लोकं जमले."

आम्ही दोघी धावत गेलो. काकूंनी वैष्णवीला जवळ ओढलं. "आंघोळ करून खुर्चीत बसले होते गं. तुहीच वाट पाहून राह्यले होते."

दुपारी घरी आलो. चूल पेटवली नाही. वैष्णवी म्हणाली,

"आई, नाही झाली मी पास, तं खरंच शिवणक्लास?"

एरवी मी म्हटलं असतं, देवावर भरवसा ठेव. भरवसा माझा आहेच. पण हे देवाला विचारायचं नव्हतं, मलाच सांगायचं होतं.

"नाही," म्हटलं. "नापास झाली तं फेब्रुवारीत पुन्हा बसजो. तेव्हाही नाही जमलं, तं मंग अजून एकदा."

"अन् मोठे बाबा?"

"त्याहिले मी सांगतो."

भाऊजी, तुम्ही हे वाचालच. राग मानू नका. समोरासमोर बोलायला मला जमलं नसतं.

आता ती भूमितीचं पुस्तक उघडून बसली आहे. वर्तुळाचं प्रमेय आहे. मी शेजारी बसून पाहिलं, मला त्यातलं काही कळत नाही. माझी मॅट्रिक होऊन जमाना झाला. मनातून भीती जात नाही.

केनवडात किंवा रिसोडला कोणी भूमिती शिकवणारं असेल तर कृपया कळवा. नऊच दिवस आहेत.

सर, वैष्णवी पेपरला बसणार आहे.

आम्हा मायलेकींचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.