दुधाची सुई, पाण्याची सुई

रमजानचाचा गेल्याची बातमी मला एका उशीमुळे कळली. पुसदला बहिणीकडचं लग्न आटोपून दोन दिवसांनी मी दिग्रसला परतलो, तर आमचे कंपाउंडर वामनराव दवाखान्याच्या पायरीवर जुनी उशी मांडीवर घेऊन बसलेले. ती चाचांकडे पिंजायला द्या, असं मीच जाताना सांगून गेलो होतो. "अजून दिली नाहीत?" मी जरा चिडूनच विचारलं. वामनराव उठले नाहीत. "कोनाले देऊ साहेब? चाचा गेले. छातीत कळ आली म्हनून आडवे झाले, थे उठलेच नाई. काल माती देल्ली." मी आत जाऊन खुर्चीत बसलो. बाहेर सात-आठ रोगी वाट पाहत होते, त्यांना मी तपासलंही, पण त्या दिवशी कोणाला काय लिहून दिलं ते मला आठवत नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले...

सत्तावन्न साली मी इथे दवाखाना टाकला, तेव्हा माझी पदवी नवी होती आणि घमेंडही नवी होती. चाचा तेव्हाच पंचावन्नच्या पुढचे. शेलाटा बांधा, दाढीत कायम कापसाचा एखादा तंतू. बाजारामागच्या बोळात त्यांची एक खोली होती, तेच दुकान आणि आतल्या बाजूला तेच घर. छताला टांगलेलं धनुष्यासारखं भलंमोठं पिंजण डाव्या हातानं तोलून धरायचं आणि उजव्या हातातल्या लाकडी मुठीनं त्याच्या ताणलेल्या तातीवर ठोके देत राहायचे, म्हणजे गादीतला दडपलेला कापूस मोकळा होऊन उडू लागतो. हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. मूलबाळ नव्हतं, चाची आणि ते दोघंच. हात चालला तर घर चालणार, इतका सरळ मामला होता. दवाखाना टाकल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात एक दिवस ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, नमाजाले उभा राह्यलो का हात कानापर्यंत जात नाई. उजवा बी नाई, डावा बी नाई. कामाचं तं सोडा, पन अल्लाले काय सांगू?"

खांद्याच्या हाडाच्या गोळ्यावर चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात, सदऱ्याच्या बाहीची शिवण खांद्यावर बसते तशा. त्यांतली वरची कंडरा दोन हाडांच्या मधून जाते. वर्षानुवर्षं हात चालवून ती सुजली, की हात निम्मा वर गेला रे गेला, कळ मस्तकात जाते. त्या काळी यावर आमच्यात दोन मतं होती. यवतमाळचे माझे एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणायचे, प्रोकेनची सुई द्या, भाग बधिर करा, तेवढ्या वेळात हात फिरवून घ्या, आठवड्यानं पुन्हा द्या, हळूहळू सुटतो. औषध कंपनीचा माणूस यायचा तो मात्र हायड्रोकॉर्टिझोनचे गोडवे गायचा, एका सुईत सूज खलास. मला दोघांचंही ऐकायचं नव्हतं. मला स्वतः पाहायचं होतं. आणि समोर एकाच माणसाचे दोन दुखरे खांदे चालत आले होते. दोन माणसांची तुलना केली तर वय वेगळं, काम वेगळं, सहनशक्ती वेगळी. इथे सगळं एकच. मला तर घबाडच मिळालं.

नवं औषध दिग्रसला नव्हतं, यवतमाळलाही नव्हतं. मी मोटारीनं नागपूरला गेलो आणि ते घेऊन आलो. चाचांना म्हणालो, "दोन खांद्यांत दोन वेगळी औषधं देतो. कशात कोणतं ते सांगणार नाही. बरं कुठे वाटतं, ते तुम्ही मला सांगायचं." चाचांनी मान डोलावली. या माझ्या गुप्ततेत एक मोठं भोक होतं आणि ते मला दिसलं नाही. हायड्रोकॉर्टिझोन पांढरं असतं, बाटली हलवून भरावं लागतं. प्रोकेन पाण्यासारखं नितळ. दोन्ही सुया मी त्यांच्या डोळ्यांदेखत भरल्या. उजव्या खांद्यात पांढरं, डाव्यात नितळ. बाहेर पडताना ते वामनरावांना म्हणाले, "उजव्यात दुधाची सुई, डाव्यात पान्याची." पुढे दिग्रसभर हीच नावं पडली. रोगी येऊन सांगू लागले, मले दुधाची द्या.

तिसऱ्या दिवशी चाचा आले ते उजवा हात पोटाशी धरूनच. दुधाच्या सुईनं पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी माझं तोंड पडलं असणार. मी लपवू शकत नाही, माझी बायको मला रोज हे ऐकवते. चाचा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "उद्यापर्यंत होईन कमी." पुढच्या आठवड्यात आले ते हसतच. दोन्ही हात वर नेऊन दोन्ही कानांना लावून दाखवले. "उजवा तं निरा मोकळा झाला, साब. डावा बी बरा हाय, पन उजव्यावानी नाई." कपाळावर घाम होता. मे महिन्यात इथे कोणाच्या कपाळावर नसतो? मी वहीत उजव्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं, डाव्यात 'साधारण'. दर आठवड्याला चाचा यायचे, कानांना हात लावायचे, मी लिहायचो. महिन्यानं मी उजव्या खांद्याला आणखी एक दुधाची सुई दिली, चांगल्याचं आणखी चांगलं व्हावं म्हणून. पावसाळ्यात यवतमाळला आम्हा डॉक्टरांची बैठक झाली, तिथे ती वही मी उभं राहून वाचली. ज्येष्ठ डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "काम करताना पाहिलंस का त्याला?" मी म्हणालो, त्याची गरज नाही, रोगी स्वतः सांगतो आहे.

त्यानंतर आमचं नातं डॉक्टर-रोग्याचं राहिलं नाही. दुपारी गर्दी ओसरली की चाचा येऊन बाकावर बसायचे, चहा बशीत ओतून प्यायचे आणि गावातल्या कोणाच्या गादीत काय काय सापडलं ते रंगवून सांगायचे. माझ्या तपासायच्या टेबलावरची गादी दर दिवाळीच्या आधी ते स्वतः येऊन घेऊन जायचे आणि दोन दिवसांत फुगवून आणायचे. एका वर्षी मात्र ती पंधरा दिवसांनी आली, आणि आली तीही गोळे गोळे राहिलेली. रोगी झोपला की कुशी बदलायचा. मी चेष्टा केली, "चाचा, म्हातारे झालात. एवढा मोकळा खांदा करून दिला आणि हे काय?" ते मनापासून हसले. "हात नवा हाय ना साब, शिकून राह्यला." मला वाटलं, माझ्याच औषधाची तारीफ चालली आहे. मी खूश झालो.

चाचा गेल्यावर आठव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. चाचींची इद्दत, नवऱ्यामागे पाळायची मुदत, सुरू होती, त्या आतल्या पडद्याआड बसल्या, मी बाहेर पिंजणाशेजारी. मी खोलीत इकडेतिकडे बघत राहिलो. बघता बघता काहीतरी खटकायला लागलं. पिंजण खोलीच्या भलत्याच बाजूला टांगलेलं होतं. पहिल्या वर्षी मी इथे येत होतो तेव्हा त्याचं रुंद टोक इकडे असायचं, आता ते तिकडे होतं. पिंजलेल्या कापसाचा ढीगही उलट्या बाजूला, बसायचं पोतंही. सगळी खोली कोणीतरी उचलून फिरवावी तशी. लाकडी मूठ पोत्याच्या डाव्या अंगाला ठेवलेली.

"चाची," मी विचारलं, "चाचा डाव्या हातानं पिंजायचे?"

पडद्यामागून त्या म्हणाल्या, "तीन सालं झाले, बेटा. उजव्यानं होतच नोयतं."

"पण मला तर म्हणायचे, उजवा मोकळा झाला..."

"पयले थोडे दिवस बरा वाटला बी. मंग पुन्हा तसाच. म्या म्हनलं, साबले सांगा. तं म्हने, थो पोरगा माह्यासाठी नागपूरले गेलता. सुई दुखली म्हनून सांगतलं तं त्याचं तोंड एवढुसं झालतं. आता कायले सांगू? डावा हाय ना चांगला. डाव्यानं शिकतो." त्या पुढे म्हणाल्या, "सहा महिने निरे गोळे पडत होते कापसात. गिऱ्हाईक परत धाडे. पन शिकले."

पंचावन्न-साठीच्या माणसानं चाळीस वर्षांचा हात बदलला, बसायची जागा बदलली, गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली, आणि दर आठवड्याला माझ्यासमोर येऊन दुखरा हात हसत हसत कानाला लावला. का, तर माझं तोंड उतरू नये. मी त्या हाताला दुसरी सुई दिली तेव्हाही ते हसतच होते. तिथे बसल्या बसल्या मला रडू आलं, आणि पडद्याआडून चाची मलाच समजावत राहिल्या.

तेव्हापासून मी माझ्या जुन्या रोग्यांना पुन्हा बोलावून पाहिलं. 'बरं वाटतं का' असं विचारत नाही. शिंप्याला म्हणतो, मशीन चालवून दाखव. बाईला म्हणतो, अंबाडा घाल. कोणाला दुधाच्या सुईनं महिनाभर खरंच आराम पडला आणि मग दुखणं परत आलं. कोणाला पाण्याच्या सुईनं आणि हात फिरवून हळूहळू सुटलं. सुई घेऊन तीन-चार महिने झालेल्यांत तर दोघींचा फारसा फरक मला दिसला नाही. पण मी हेही आता छातीठोकपणे सांगणार नाही. यवतमाळच्या ज्येष्ठ डॉक्टरांना मी पत्र लिहून कळवलं, की माझी ती वही चुकीची होती. कोणामुळे, तेही लिहिलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की असा रोगी त्यांना कधी मिळाला नाही.

परवा वामनराव म्हणाले, "साहेब, दारव्ह्याचा एक पिंजारी आलाय गावात. टेबलावरची गादी देऊ काय? मधात लय गोळे झाले." चाचांनी ती शेवटची गेल्या दिवाळीला आणून दिली होती. मी टेबलापाशी गेलो आणि गादीवरून हात फिरवला. कापूस सगळीकडे सारखा, मऊ लागत होता. गोळे शोधून सापडले नाहीत. डावा हात पक्का शिकला होता... मी वामनरावांना म्हणालो, गादीत गोळे नाहीत, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "असं कसं? मले तं लागून राह्यले." मी पुन्हा हात फिरवला, या वेळी जरा दाबून. लागले. दिवाळीपासून शेकडो माणसं त्या गादीवर झोपून गेली होती, गोळे होणारच. तरी ती गादी मी दिली नाही. उशीही अजून तशीच खुर्चीवर पडून आहे.